निघायची गाठ

१

त्या वर्षीची शाळेची दिवाळीची सुट्टी मी बुरोंडीला, मेव्हण्याकडे काढली. सावर्ड्याच्या घरात दिवाळी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मालन श्रावणात गेली. कावीळ झाली होती. उतरते आहे असं वाटत असतानाच गेली. आम्हाला मूल नव्हतं. तिच्या माहेरी तिचा धाकटा भाऊ आनंदा एकटाच राहत होता. आता माझंही म्हणावं असं त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

सकाळचा आमचा क्रम ठरलेला असे. चहा झाला की आनंदा पेट्रोलचा डबा उचलायचा आणि त्यात तेल मिसळून तो हलवत हलवत पुढे चालायचा. मी मागून, खांद्यावर दोर आणि हातात काटा. काटा म्हणजे बंदरावर मासळीच्या टोपल्या अडकवून तोलतात तो, गोल तबकडीचा. भिवा खलाशाकडून मागून आणलेला. कितीही धुतला तरी त्याचा वास जात नसे. घरामागची दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून वर आलं की सडा लागे. काळा, उघडा कातळ, त्याच्या खळग्यांतून पिवळं पडत चाललेलं गवत, आणि जिथे कातळ संपतो तिथे एकदम खाली समुद्र. सड्यावर एकच मोठं झाड होतं, किंजळीचं. त्याच्यापासून थोडं पुढे, समुद्राकडे तोंड करून, आनंदाचं विमान उभं असे.

आनंदा हवाई दलात मेकॅनिक होता. नोकरी संपवून गावी आला आणि आंब्याच्या पेट्यांच्या खोपीत त्याने हे विमान बांधायला घेतलं. अॅल्युमिनियमच्या नळ्या, शिडाचं कापड, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पुढे लाकडी पंखा. गावात त्याला ‘आनंदाचा टोळ’ म्हणत. पंखांचं कापड मालनने शिवलं होतं. आदल्या उन्हाळ्यात महिनाभर ती माहेरी येऊन राहिली होती. मी कापडाचं दुसरं टोक धरून बसायचो आणि ती मशीन चालवायची. टाका घातला की त्यावरून अंगठ्याचं नख दाबत न्यायची तिची सवय होती. शिवण चपटी बसते म्हणे. मजुरी म्हणून तिने एकच गोष्ट मागितली होती, पहिल्यांदा वर जाताना शेजारची खुर्ची.

इंजिन मात्र ती गेल्यावर आलं.

“नव्या इंजिनात सगळे भाग एकमेकांना अनोळखी असतात, भावजी,” आनंदाने पहिल्या दिवशी मला समजावलं होतं. “पहिल्यांदा हळू चालवायचं. मग निवू द्यायचं. मग जरा जोरात, परत निवू द्यायचं. घासून घासून रिंगा आपल्या जागी बसल्या की ते मोकळं होतं. घाई केलीत तर जाम.”

“आणि झाडाला कशाला बांधायचं?”

“नाय बांधलं तर ते पुढं आणि तुम्ही धोतर सावरत मागं.”

“मी धोतर नेसत नाही.”

“म्हणूनच म्हणतो. पॅन्टीत धावायला व्हायचं नाय तुमच्याच्यानं.”

उडवायची परवानगी अजून यायची होती. ती येईपर्यंत इंजिन मोकळं करून घ्यायचं, एवढंच काम होतं. विमानाच्या शेपटाला दोर, दोराच्या मध्ये काटा, आणि दोराचं दुसरं टोक किंजळीला. पंखा फिरू लागला की विमान पुढे ओढ घेई आणि काटा किती ओढ आहे ते दाखवी. ओढ दिवसादिवसाने वाढली म्हणजे इंजिन नीट बसतं आहे, असा हिशेब.

झाडाची गाठ मी मारत असे. माझा बाप केळशीचा, आयुष्य होड्यांवर गेलं त्याचं. आमच्याकडे गाठी दोन. होड्या वर ओढून पावसाळ्यासाठी शाकारल्या की मारायची ती एक, शाकारणीची. वादळात दोर तुटेल पण ती सुटायची नाही. दुसरी निघायची गाठ. पहाटे होडी लोटायची असली की आदल्या संध्याकाळी ती मारून ठेवतात. दिसायला तशीच, पण शेंडा ओढला की सरळ होते. मी सड्यावर शाकारणीची गाठ मारली. आनंदा हसला होता. “पावसाळा संपला, भावजी.”

२

इंजिन सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घातलं. नव्या होडीला घालतात तसं. विमानाला काय घालतात ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून भिवाने होडीचंच घातलं. त्याचा आवाज मोठा आणि जीभ सरावाची. हातात नारळ घेऊन, डोळे मिटून, समुद्राकडे तोंड करून तो उभा राहिला.

“बा गावदेवा महाराजा, तुझ्या लेकरानं आज नवं इंजान आणलंन् हाय, त्याची राखण तू कर.”

“होय महाराजा,” आनंदा आणि मी म्हणालो.

“वारा देशील तो बेतानं दे, बा महाराजा.”

“होय महाराजा.”

“ज्या ज्या हातांनी ह्ये घडवलंन्, त्या आनंदाला, त्या मालनला, त्या मास्तरला, समद्यांना एका वाटेनं ने आणि एका वाटेनं आण, बा महाराजा.”

आनंदाने माझ्याकडे पाहिलं. भिवाचे डोळे मिटलेले होते. गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. उत्तर द्यायला फार वेळही लावत नाहीत.

“होय महाराजा,” आम्ही म्हणालो.

नारळ फुटला तेव्हा भिवाला आपण काय बोललो ते कळलं. त्याने कान धरले. “मास्तर, जीभ गेली वो माजी. होडी बांधणाऱ्यांची नावं घ्यायची रीत हाय, त्यात ती आपसूक आली.”

“असू दे,” आनंदा म्हणाला. “शिलाई तिचीच आहे. खोटं काय बोललास?”

खरं सांगायचं तर तिचं नाव जिवंत माणसांच्या रांगेत ऐकून मला बरं वाटलं होतं.

३

पहिले दोन दिवस सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. आनंदा खुर्चीत बसून इंजिन चालवी, मी दोराजवळ बसून काटा वाची. आवाज सुरुवातीला खरखरीत होता. सड्यावरच्या टिटव्या उठून जात. मग इंजिन बंद झालं की इतकी शांतता होई की खालची लाट आधी नसलेली आणि आता नव्याने सुरू झालेली वाटे. तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करी. दोर सैल पडून गवतावर टेके. दुपारच्या उन्हात आम्ही किंजळीखाली भाकरी सोडायचो. बोलायचं फार काही नसे. मला तिथे झोप लागे, घरी लागत नव्हती तशी.

तिसऱ्या दिवशी असाच डोळा लागला होता. जाग आली तेव्हा इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता. टिकटिकही थांबली होती. आनंदा माझ्या शेजारी तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. मी पडल्या पडल्या दोराकडे पाहत होतो. दोर गवतावर टेकलेला नव्हता. झाडापासून विमानापर्यंत तो सरळ, ताणलेला होता, आणि त्याच्यावर एक चतुर येऊन बसला होता.

मी उठून काटा पाहिला. फार नव्हतं. एखादं माणूस बोट धरून ओढतं, तेवढं.

४

मी विज्ञान शिकवतो. ज्याला कारण नाही असं काही नसतं, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगत आलो आहे.

पहिलं कारण वारा. वारा नव्हता, गवताचं पातं हलत नव्हतं. दुसरं, दोर. दवाने भिजलेला दोर आखडतो. पण दुपार होती आणि दोर हाताला कोरडा, गरम लागत होता. तिसरं कारण मला पटण्यासारखं वाटलं, काट्याची स्प्रिंग थकली असेल. मी चाकांपुढे दगड लावून काटा सोडवला आणि फांदीला नुसता टांगला. सुई शून्यावर आली. काढून झटकला, पुन्हा टांगला. शून्य. दोरात परत अडकवायला मात्र मला विमान अंगाने मागे रेटावं लागलं, आणि दगड काढून हात सोडताच सुई पुन्हा तिच्या जागी जाऊन थांबली.

मग राहिला उतार. सडा डोळ्यांना सपाट दिसतो, पण सपाट नसतो. विमान समुद्राच्या बाजूला उतरत असलं पाहिजे, एवढं साधं. मी खिशातली सुपारी काढली, अख्खी, गोल, आणि पुढच्या चाकाशी कातळावर ठेवली. सुपारी क्षणभर थांबली आणि घरंगळू लागली. समुद्राकडे नाही. माझ्या पायांजवळून, विमानाच्या पोटाखालून, किंजळीकडे.

म्हणजे मोकळं सोडलं तर विमानाने झाडाकडे यायला हवं होतं.

मी ती सुपारी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तीच वाट. मागून आनंदाचा आवाज आला. “काय गोट्या खेळताय, भावजी?”

मी त्याला दोर दाखवला. त्याने दोरावर बोट टेकवलं, सतारीच्या तारेवर टेकवावं तसं, आणि बराच वेळ काढलं नाही.

“मोकळं व्हायला लागलंय,” तो म्हणाला.

“इंजिन बंद आहे, आनंदा.”

“हो,” तो म्हणाला. “तेच म्हणतोय.”

५

त्यानंतर सुई खाली आली नाही. रोज सकाळी आम्ही वर जायचो तेव्हा ती आदल्या दिवसापेक्षा किंचित पुढे असायची. इंजिनाचा आवाजही बदलत होता. खरखर गेली होती. आता तो एकसारखा, मऊ येई, शेजारच्या खोलीत कुणी मशीनवर लांब शिवण घालत असावं तसा. आनंदा इंजिन बंद केल्यावरही खुर्चीतून लवकर उठत नसे. खाली आल्यावर जेवताना एकदम थांबे. मी हाक मारली की म्हणे, “काय नाय, ऐकत होतो.”

एका संध्याकाळी मासे साफ करता करता तो म्हणाला, “भावजी, रोज तो पट्टा लावून ठेवता ना तुम्ही, त्याची गरज नसते. रिकामी खुर्ची काय उडून जात नाय.”

“कुठला पट्टा?”

“शेजारच्या खुर्चीचा. सकाळी बघतो तेव्हा बक्कल लावलेलं असतं.”

“मला वाटलं तू लावतोस.”

आनंदाने सुरी पाटावर ठेवली. मग तो हसला, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. “वारा असेल,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आधी तिथेच गेलो. पट्टा लावलेला होता. खुर्चीवर सपाट पडलेला नव्हता. मध्ये माणूस मावेल इतकी जागा सोडून, फुगीर उभा होता. बक्कलातून उरलेलं टोक आत दुमडून, दोनदा दुमडून खोचलेलं. साडीचा पदर मालन तसाच खोचायची. असा पुष्कळजणी खोचतात, मी स्वतःला सांगितलं. मी बोटाने पट्टा दाबून पाहिला. तो दबला नाही.

त्या रात्री जेवल्यावर मी आनंदाला म्हणालो, “हे आता थांबवू या. परवानगी आली की बघू.”

“उद्या शेवटची पायरी आहे. पूर्ण जोरात चालवलं की झालं. मग ते काय थांबत नाय.”

“आनंदा, मला तुझ्याशिवाय कुणी नाही.”

तो अंथरूण घालत होता. पाठमोराच म्हणाला, “तिला कबूल केलंय मी. तुम्हीपण होय म्हणालात की, महाराजासमोर.”

६

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही वर गेलो. हवा पडलेली होती. समुद्र तेलासारखा. मी दोराची गाठ तपासली. इतकी आवळली होती की किंजळीच्या सालीत रुतली होती. आनंदा चढून बसला. त्याने आपला पट्टा लावला, शेजारच्या पट्ट्याकडे एकदा बघितलं आणि कुणाला तरी जागा देतात तसा किंचित बाजूला सरकला.

इंजिन सुरू झालं. हळू, मग थोडं जोरात. आवाज वाढत गेला तसं माझ्या पायाखालचा कातळ बारीक थरथरू लागला. मी काट्याजवळ गुडघ्यावर बसलो होतो. सुई सरकत सरकत तबकडीच्या शेवटाला जाऊन टेकली आणि तिथेच कापत राहिली. किंजळीची पानं आमच्यावर गळत होती. पूर्ण जोरात तो आवाज एकाएकी कमी झाल्यासारखा वाटला. कमी झाला नव्हता. दूर गेला होता. मला वाटलं आपण पाण्याखाली बसून वरचं काहीतरी ऐकतो आहोत.

सूर्य समोर, समुद्रावर टेकायला आला होता. पंखाच्या कापडातून आरपार ऊन येत होतं. कापड पिकल्या आंब्याच्या रंगाचं झालं होतं, आणि आतल्या नळ्यांच्या सावल्या त्यावर एकीपुढे एक, ओळीने, स्पष्ट उमटल्या होत्या. मी त्या पाहत होतो. इंजिनाबरोबर सगळ्या बारीक थरथरत होत्या.

एक थरथरत नव्हती. ती शिवणीवरून सावकाश पुढे सरकत होती, खुर्चीकडून टोकाकडे. थोडी जाई, थांबे, दाबल्यासारखी होई, पुन्हा पुढे. मला ती सावली फार तर अंगठ्याएवढी दिसली. तिच्यामागे काय होतं ते पंखाच्या कडेआड होतं. मी मान थोडी वाकवली असती तर दिसलं असतं.

मी मान वाकवली नाही.

इंजिन बंद झालं. पंखा गरगरत थांबला. लाटेचा आवाज आला. सुई तबकडीच्या शेवटालाच टेकलेली होती आणि दोर आता कुरकुरू लागला होता.

“भावजी,” आनंदा म्हणाला. झोपेतून बोलावं तसा त्याचा आवाज होता. “दोर सोडा. ताईला जरा फिरवून आणतो.”

“उतर खाली.”

“एका वाटेनं न्यायचं, एका वाटेनं आणायचं. लगेच येतो.”

मी धावलो. पॅन्टीत धावायला होतं माझ्याच्याने. त्याचं बक्कल निघेना. तो माझ्याकडे बघत होता पण त्याला मी दिसत होतो असं नाही. शेजारच्या खुर्चीकडे मी बघितलं नाही, पण त्या बाजूने, उन्हात वाळवलेल्या कोऱ्या कापडाचा वास आला, मशीनच्या तेलाचा, आणि मी कसा कोण जाणे तिकडे तोंड न वळवता म्हणालो, “मालन, सोड त्याला.”

बक्कल निघालं. मी आनंदाला दोन्ही काखांत धरून खाली ओढलं आणि आम्ही दोघं कातळावर पडलो. तो लहान मुलासारखा रडू लागला. मागे दोर कुरकुरत होता. मग तेही थांबलं, पण सैल पडल्यामुळे नाही.

७

दुसऱ्या दिवशी भिवा आणि आम्ही दोघांनी मिळून इंजिन उतरवलं आणि खोपीत गोणपाटात गुंडाळून ठेवलं. विमान आता नळ्या आणि कापड एवढंच होतं. दोन माणसांनी उचलावं इतकं हलकं. ते खाली न्यायचं ठरलं होतं. दोर सोडायला कुणी पुढे झालं नाही. इंजिन नसतानाही सुई शेवटालाच होती.

भिवाने काटा परत नेला नाही. “ऱ्हाऊ दे तितंच, मास्तर,” तो म्हणाला. “मी दुसरा घेतलाय.”

ह्याला तीन वर्षं झाली. आनंदा बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचं बरं चाललं आहे. सड्यावर तो येत नाही. परवानगीचं पत्र आलं ते त्याने न फोडता देवाच्या फळीवर ठेवलं. पावसाळ्याआधी भिवा जाऊन विमानावर नारळाची झापं घालून येतो. पावसात दोर कुजतो. म्हणून दर दिवाळीला मी नवा दोर घेऊन बुरोंडीला जातो. नवा बांधून झाला की मगच जुना कापायचा. खाली आलो की आनंदा ताटावर बसता बसता विचारतो, “काटा?” मी म्हणतो, “आहे तिथेच.” मग आम्ही जेवतो.

ह्या वर्षी किंजळ समुद्राकडे कलली आहे. तिच्या मुळांनी झाडाच्या मागच्या अंगाला कातळ उचलला आहे, हात जाईल इतका. अजून एक पावसाळा ती काढेल असं मला वाटत नाही.

मी झापं बाजूला केली. चाकं गंजली आहेत. नळ्यांवर खार चढला आहे. कापडाची शिवण मात्र एका टाक्यानेही उसवलेली नाही. शेजारच्या खुर्चीचा पट्टा लावलेला होता, नेहमीसारखा. नवं होतं ते दुसऱ्या खुर्चीवर. आनंदाच्या खुर्चीवर. त्याचा पट्टा त्या दिवसापासून मी ओढून काढला तसाच लोंबत असे. आता तो उघडून दोन्ही बाजूंना नीट, सारखा पसरून ठेवलेला होता. बसवर आधी चढलेलं माणूस शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं, तसा. आणि आनंदाच्या जाड कमरेला लागेल त्याहून तो बराच आखूड करून घेतलेला होता.

हवा पडलेली होती. गाऱ्हाण्यात तीन नावं होती, हे मला आठवलं. आनंदाचं मी त्या संध्याकाळी सोडवून घेतलं होतं.

मग मी किंजळीजवळ गेलो. नवा दोर बुंध्याला दोन वेढे देऊन घेतला. बापाने शिकवलेलं हात विसरत नाहीत. गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मगच जुना दोर कापला. नवा दोर ताणला, कुरकुरला आणि सरळ झाला.

खाली आलो तेव्हा आनंदा ताट वाढून थांबला होता.

“काटा?”

“आहे तिथेच.”

“गाठ नीट मारलीत ना?”

“मारली,” मी म्हणालो.

तो केळशीचा नाही. उद्या वर जाऊन त्याने पाहिली, तरी ती निघायची आहे हे त्याला कळणार नाही.